48 वारांचं घर

सुरतेत प्लॉटवरच्या घराचं माप वारात सांगतात आणि फ्लॅटचं चौरस फुटांत. लिंबायतमधलं आमचं घर 48 वारांचं, बारा फूट रुंद आणि छत्तीस फूट लांब. इथे याला 'गाळा टाइप' म्हणतात. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून, उजेड फक्त पुढून आणि मागून, मधल्या खोलीत भर दुपारीही ट्यूबलाइट. 1972 च्या दुष्काळात शिंदखेडा तालुक्यातली शेती पार गेली, तेव्हा वडील दोंडाईच्याला गाडीत बसले आणि तापी लाइनने सुरतेला उतरले. लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी करून त्यांनी 1988 साली हा गाळा घेतला आणि 2003 मध्ये वरचा मजला चढवला. आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक घराची हीच हकीगत. कुणी नंदुरबारचा, कुणी अमळनेरचा, कुणी पारोळ्याचा. ओट्यावर अहिराणी, दुकानात गुजराती आणि शाळेत मराठी. मी स्वतः महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक. नगर प्राथमिक शिक्षण समिती सात माध्यमांतून शाळा चालवते, त्यातलं आमचं एक.

घर विकायचं ठरलं ते मायच्या गुडघ्यांमुळे. स्वयंपाकघर आणि संडास खाली, झोपायच्या खोल्या वर, आणि जिना इतका उभा की माय तो बसत बसत उतरायची. त्यात मुलगी दहावीला. तिला अभ्यासाला जागा म्हणजे रात्री सगळे झोपल्यावरचं स्वयंपाकघर. आणि कानबाई, आमची खानदेशी देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू दळून रोट होतात, भाऊबंद गोळा होतात. बारा फुटांच्या घरात पंगती बसतात त्या ओट्यापासून थेट मोरीपर्यंत.

विकायला काढलं आणि पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाईक आलं. पलीकडच्या गल्लीतलाच माणूस, भाव मान्य, बानू, म्हणजे विसार, द्यायला तयार. त्याच्या वकिलाने कागद मागितले आणि गाडी तिथे अडली. वेरा बिल, म्हणजे घरपट्टी, वडिलांच्या नावावर, दस्तावेज वडिलांच्या नावावर, आणि वडील 2014 मध्ये गेलेले. आम्ही दरवर्षी वेरा भरत होतो, त्यामुळे घर आमचं आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती. वकिलाला होती. त्याने तलाठ्याचा पेढीनामा मागितला, म्हणजे वारस कोण कोण त्याचा कागद. माय, मी, आणि दोन बहिणी: एक दोंडाईच्याला, एक बारडोलीला. मग तो सहजपणे म्हणाला, "बहिणींकडून हक्क कमी करून घ्या, काम सोपं होईल."

खानदेशात काय आणि सुरतेत काय, या 'हक्क कमी'ची, म्हणजे बहिणींनी आपला वाटा सोडून देण्याची, एक ठरलेली रीत आहे. बहिणींना बोलवायचं, साडी-चोळी करायची, जेवू घालायचं आणि कचेरीत नेऊन सह्या-अंगठे घ्यायचे. ज्या बहिणीने सही केली ती चांगली. जिने विचारलं, ती 'सासरच्यांनी शिकवलेली'. मोठी बहीण फोनवर म्हणाली, "तू सांगशील तिथे सही करते." धाकटी दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने सरळ सांगितलं, "दादा, मला माझा भाग पाहिजे. चेकने दे."

नातेवाइकांमध्ये त्यावर बरीच कुजबुज झाली. एका काकांनी तर मला समजवायचं मनावरच घेतलं. माझं मत मी तेव्हाही सांगितलं होतं आणि आताही सांगतो: तिचं बरोबर होतं. वडिलांची स्वकमाई होती, त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, आणि अशा मिळकतीत बायको, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच आहे. 2005 ची दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीबद्दलची. ती आली म्हणून मुलींना हे हक्क मिळाले, असं समजणारे आमच्या स्टाफरूममध्येही निघाले. शेवटी हक्क कमी काही केला नाही. दस्तावेजावर विकणारे म्हणून चौघांची नावं घातली आणि पैशांचे चार वाटे केले. मोठीला तिचा चेक दिला तेव्हा ती घेईना. घेतलाच, तर धाकटीच्या समोर घेणार म्हणाली. तिने तसाच घेतला.

दुसरी अडचण रोकड्याची. गिऱ्हाईक म्हणालं, दस्तावेज जंत्रीच्या भावाने करू, वरचे हातात देतो. जंत्री म्हणजे महाराष्ट्रात रेडी रेकनर म्हणतात तो सरकारी दर. गुजरातमध्ये 2011 नंतर थेट एप्रिल 2023 मध्ये त्याला हात लागला आणि एका फटक्यात दर जवळजवळ दुप्पट झाले. तरी बाजारभाव आणि जंत्री यांच्यात फट उरतेच, आणि व्यवहार त्या फटीत होतात. पण जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला प्राप्तिकर कायद्याने 2015 पासून बंदी आहे, आणि घेतली तर तेवढाच दंड. शिवाय मला पुढच्या घरासाठी बँकेपुढे पैसे दाखवायचे होते. पोत्यातले पैसे बँकेला दिसत नाहीत. भाव थोडा उतरवला आणि सगळं चेकने घेतलं.

तिसरी गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते, म्हणून सांगतो. लिंबायतच्या बऱ्याच भागाला 'अशांत धारा' लागू आहे. 1991 च्या या कायद्याखाली नोंदवलेल्या भागात मिळकत विकायची तर आधी कलेक्टरची परवानगी लागते. देणारा-घेणारा एकाच जातीचे, एकाच धर्माचे असले तरी लागते. म्हणजे शिंदखेड्याच्या माणसाने पारोळ्याच्या माणसाला घर विकण्यासाठीही अर्ज, जबाब, पोलिसांचा अभिप्राय. शेजाऱ्यांनी जबाबात लिहून दिलं की हे आपखुशीने विकत आहेत. कागद येईपर्यंत पावसाळा लागला.

मधल्या काळात घर शोधणं चालू होतं. दलाल काठियावाडी, जिभेवर साखर. त्याने वेसू, पाल, जहांगीरपुरा, दिंडोली असं सगळं शहर आम्हाला दाखवलं. पालच्या बाजूच्या थ्री बीएचकेच्या पत्रकावर 1250 फूट छापलेलं. आत गेलो तर हॉलमध्ये सोफा ठेवल्यावर दार उघडायची पंचाईत. मी रेराचा कागद मागितला. त्यात कार्पेट 690. बाकीचे 560 फूट कुठे गेले? जिना, लिफ्ट, भिंती, पॅसेज, क्लब हाउस. 2016 च्या रेरा कायद्याने कार्पेटवरच विक्री करायला सांगितलं आहे, पण दलालाच्या तोंडी सुपर बिल्टअपच असतं. घरी येऊन हिशेब केला. आमचा 'छोटा' गाळा दोन मजले मिळून 864 फूट, भिंतींचे शे-सव्वाशे वजा केले तरी 740 च्या आसपास. कर्ज काढून आम्ही त्याहून लहान घरात जाणार होतो.

दुसऱ्या एका सोसायटीत चेअरमनने मापाबिपाचं काही विचारलं नाही. पहिला प्रश्न: "व्हेज के नॉनव्हेज?" बायकोने सांगितलं, रविवारी मटण होतं. तो हसून म्हणाला, काही प्रॉब्लेम नाही. नंतर त्याचा फोन लागला नाही. सुरतेत पन्नास वर्षं काढलेल्या घराला हा प्रश्न नवा नव्हता, पण पैसे मोजून घ्यायच्या जागी तो पहिल्यांदाच ऐकला, आणि तो जिव्हारी लागला हे लपवत नाही.

मायचे प्रश्न वेगळे होते. तापीपारच्या प्रत्येक घरात ती एकच विचारायची: "2006 ला पाणी कुठपर्यंत होतं?" त्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि अडाजण, रांदेर बुडालं. तेव्हापासून पावसाळ्यात सुरतेचा माणूस उकाईची पातळी 345 फुटांना किती कमी, ते रोज बघतो. आमच्या बाजूला नदीपेक्षा खाडीचं भय. लिंबायतची मिठी खाडी भरली की पाणी पुढून नव्हे, गटारातून आत येतं. बायको जिने बघायची. 24 मे 2019 ला सरथाणाच्या तक्षशिला आर्केडला आग लागली, क्लासमधली 22 मुलं गेली. त्यानंतर ती कुठल्याही इमारतीत शिरली की दुसरा जिना कुठे आहे ते आधी विचारते आणि बी.यू. परमिशन, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, दाखवा म्हणते. दलाल तिला कंटाळला होता.

दिंडोलीत एक रो हाउस पाहिलं. 72 वार, अठरा बाय छत्तीस, खाली संडास-बाथरूम आणि एक झोपायची खोली. मायने आत पाऊल टाकलं, हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत सरळ चालत गेली आणि मागे वळून म्हणाली, "आठे दोन पंगती बसतीन." तिच्यापुरता निकाल तिथेच लागला. माझ्यासाठी खाडीचं अंतर, बी.यू. आणि टायटल बघायचं बाकी होतं. तेही नीट निघालं. बाजूच्या घरातून आम्हाला ओळखीचा, कळण्याच्या भाकरीचा वास येत होता. तिथे व्हेज-नॉनव्हेज कुणी विचारणार नव्हतं.

दस्तावेज बायकोच्या एकटीच्या नावावर केला. गुजरातमध्ये 4.9 टक्के स्टॅम्प ड्युटी सगळ्यांनाच भरावी लागते, पण घेणारी बाई एकटी असेल तर 1 टक्का नोंदणी फी माफ होते. माझ्या एका सहकाऱ्याने विचारलं, "आणि उद्या काही झालं तर?" मी म्हटलं, हप्ता माझ्या पगारातून जातो, मला बाहेर काढायला ती वेडी नाही.

वाचकांना एक सांगणं. तुमच्या घराचं वेरा बिल किंवा घरपट्टी अजून गेलेल्या वडिलांच्या नावाने येत असेल, तर घर विकायचं असो वा नसो, वारसांची नोंद याच वर्षी करून घ्या, आणि त्यात बहिणींची नावं न विचारता घाला.