जुन्या कळफलकाचें मोल



किंमत आणि मोल हे दोन शब्द आपण बोलतांना एकाच अर्थानें वापरतों. पण जुनी वस्तु विकत घेण्याची वेळ आली म्हणजे त्यांतील अंतर ध्यानांत येतें. किंमत विकणारा सांगतो. मोल घेणाऱ्यानें आपल्या डोळ्यांनीं, हातांनीं व कानांनीं ठरवावयाचें असतें. गतवर्षीं एका विद्यार्थ्याबरोबर संगणकाचा जुना कळफलक शोधावयास जाण्याचा प्रसंग आम्हांवर आला, त्याची हकीकत येथें देत आहों.

हा विद्यार्थी दहावींत होता. सुट्टींत रोज सकाळीं वर्तमानपत्रें टाकून त्यानें दोन हजार रुपये जमविले होते, आणि त्यांतून आयबीएम कंपनीचा ‘मॉडेल एम’ नांवाचा जुना यांत्रिक कळफलक घ्यावा अशी त्याची फार इच्छा होती. पैसा कष्टाचा होता. म्हणून आधीं वस्तूची नीट माहिती करून घ्यावी व मगच बाजाराची वाट धरावी, असें आम्हीं त्यास सांगितलें.

हा कळफलक १९८५ सालीं निघाला. अमेरिकेंत केंटकी राज्यांतील लेक्झिंग्टन येथें व स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथें तो तयार होत असे. १९९१ सालीं आयबीएमचा तो विभाग वेगळा होऊन लेक्समार्क कंपनी झाली, आणि १९९६ पासून युनिकॉम्प नांवाची कंपनी त्याच घडणीचे कळफलक लेक्झिंग्टन येथें बनवीत आली आहे. ही माहिती केवळ इतिहासाची नव्हे. तिचा सौद्याशीं संबंध आहे. त्याच घडणीची नवी वस्तु मिळते, तेव्हां साधी जुनी वस्तु नव्याहून महाग घेण्याचें कारण उरत नाहीं. दुर्मिळ वस्तु जमविणाऱ्यांची गोष्ट निराळी.

याचें सारें वैशिष्ट्य कळेखालच्या स्प्रिंगेंत आहे. कळ दाबतांच ती स्प्रिंग दबत जाते, आणि एका क्षणीं बाजूस बाक घेऊन कोसळते. त्याच क्षणीं ‘खट्’ असा आवाज होतो, तळाशीं असलेला हातोडीसारखा लहान तुकडा कलतो, आणि खालच्या पातळ पडद्यांवर दाब पडून अक्षर उमटतें. अक्षर उमटल्याची खूण बोटाला व कानाला एकदमच मिळते.

आतां परीक्षा कशी करावी? प्रथम फलक उलटा करून मागची चिठ्ठी वाचावी. तींत घडणीचा क्रमांक व तयार झाल्याची तारीख असते. मग एक कळटोपी हलकेच उपटून पाहावी. वरून तसेच दिसणारे, पण आंत रबराच्या घुमट्या असलेले फलकही निघाले होते. स्प्रिंग दिसली म्हणजे ती शंका मिटते. नंतर फलक कानाशीं धरून हळूच हालवावा. आंतील पोलादी पत्रा व प्लॅस्टिकचा सांगाडा प्लॅस्टिकच्याच बारीक रिव्हेटांनीं जोडलेला असतो. वयोमानानें त्या रिव्हेटांचीं डोकीं तुटतात व आंत खुळखुळतात. पुष्कळ तुटलीं तर कळांचा खटका मंद होतो, कांहीं कळा मुक्या होतात. यावर उपाय आहे: भोकें पाडून बारीक स्क्रू व नट बसविणें. खर्च थोडा, पण चिकाटी फार लागते. चहा सांडून आंतील पत्रा गंजला असेल किंवा पडदे बिघडले असतील, तर मात्र दुरुस्ती अवघड समजावी.

वायरीकडेही पाहावें. जुन्या फलकांस पांच पिनांचा मोठा गोल जोड असतो, नंतरच्यांस सहा पिनांचा लहान. आजच्या संगणकास जोडण्यासाठीं यूएसबीचा परिवर्तक घ्यावा लागतो. त्याचे पैसे किंमतींत धरलेच पाहिजेत. वरच्या पिवळेपणाला भिऊं नये, व नुसत्या चकाकीवर भाळूंही नये. शेवटीं फलक संगणकास जोडून प्रत्येक कळ एकेकदां दाबून पाहावी. ‘बहुतेक चालतात’ हें उत्तर पुरेसें नाहीं.

इतकी तयारी करून, लॅपटॉप व कुणाकडून मागून आणलेला परिवर्तक पिशवींत घालून, आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारांत गेलों. दोन खेपा रिकाम्या गेल्या. तिसऱ्या खेपेस वायरी, कुलुपें व पंख्यांचीं पातीं मांडून बसलेल्या एका वृद्धापाशीं तो कळफलक दिसला. म्हाताऱ्यानें तो उचलून तराजूंत टाकला. दोन किलोंच्या वर भरला. “लोखंड जड आहे, गुरुजी. दीडशें द्या, न्या,” तो म्हणाला.

आम्हीं परीक्षा केली. चिठ्ठी १९८९ सालची होती, स्प्रिंगा शाबूत होत्या. दोन टोप्या नव्हत्या, एक कळ मुकी होती, आणि आंत रिव्हेटांचे तुकडे वाजत होते. मुलानें आमची बाही ओढली व हळूच म्हणाला, “सर, लगेच घेऊं या.” आम्हीं त्याला इतकेंच विचारलें, “ही वस्तु लोक हौसेनें घेतात हें बाबांना कळलें, तर ते दीडशेंला देतील का?”

मुलगा बराच वेळ बोलला नाहीं. मग खालीं बसून त्यानें म्हाताऱ्याला सारें सांगितलें. वस्तु काय आहे, ती कोण घेतात, आणि तिच्यांत काय काय बिघडलें आहे, यांतलें कांहींच त्यानें झांकलें नाहीं. म्हाताऱ्यानें तें ऐकून घेतलें आणि शांतपणें किंमत अडीच हजारांवर नेली!

आमच्या मनांत चर्र झालें. पण मुलानें वही काढली. परिवर्तक, दोन टोप्या, स्क्रू व नट यांचा खर्च त्यानें म्हाताऱ्यासमोर मांडला, आणि दोन हजारांतून तो वजा करून उरलेली रक्कम दाखविली. पुष्कळ घासाघीस होऊन सौदा अकराशांवर तुटला. म्हणजे खरें बोलल्यामुळें त्याचे साडेनऊशें रुपये अधिक गेले, हें आम्ही वाचकांपासून लपवीत नाहीं. परततांना तो गप्प होता, व आम्हींही त्याला उपदेश केला नाहीं. दिवाळीच्या सुट्टींत त्यानें रिव्हेटांच्या जागीं स्क्रू बसविले. मुकी कळ आतां बोलते.

योग्य किंमत कोणती, हें आंकड्यांत सांगतां येत नाहीं. पण आम्हांस वाटतें कीं, घेणाऱ्यास जें ठाऊक आहे तें देणाऱ्यासही कळल्यावर दोघे ज्या रकमेला ‘हो’ म्हणतील ती योग्य. वस्तूचे दोष व गुण दोन्ही मोठ्यानें सांगतां येणें, हाच परीक्षेचा शेवटचा भाग होय.

पालकांस एक विनंती आहे. मुलांस असे लहान सौदे करूं द्यावे. शेजारीं अवश्य उभें राहावें. परंतु पैसे त्यांच्या कष्टाचे असावे, हिशेबाची वही त्यांच्या हातांत असावी, आणि शेवटचा शब्दही त्यांनींच बोलावा.