कागदावरचं इंजिन

मी तयार केलेली जिप्सी नुसती कागदावर बघितली तर घाट्याचा सौदा वाटेल. कंपनीचं मूळ पेट्रोल इंजिन १२९८ सीसी, ८० हॉर्सपॉवर. ते उतरवून मी बसवतो ते १.३ मल्टिजेट डिझेल, १२४८ सीसी, ७५ हॉर्सपॉवर. सीसी कमी, पॉवर कमी आणि वर गिऱ्हाइकानं पदरचे पैसे मोजायचे. पण टॉर्क शंभरावरून एकदम १९० न्यूटन मीटरवर जातो, तोही दोन हजार आरपीएमला. जून संपता संपता राधानगरीकडच्या लाल चिखलात ज्यानं पेट्रोल जिप्सी रेस करून करून क्लच जाळलाय, त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. अडचण एवढीच की आरसीवर टॉर्कचा रकाना नाही.

विम्यातही नाही. खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता सीसीवर ठरतो. २०२२ पासून हजार सीसीपर्यंत २०९४ रुपये, हजार ते दीड हजार ३४१६, त्याच्या वर ७८९७. माझी दोन्ही इंजिनं मधल्या गटात. टर्बो आला काय, गेला काय, या हिशेबात एका रुपयाचा फरक पडत नाही. कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेल्या एक लिटरच्या नव्या गाड्या तर सगळ्यात खालच्या गटात बसतात आणि घाटात माझ्या गिऱ्हाइकांना मागे टाकतात. त्यांना कुणी काही विचारत नाही.

सगळं अडतं ते नंबरावर. इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर, त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की उमटणारा. मल्टिजेट मुळात आडवं बसणारं इंजिन. जिप्सीत ते उभं करावं लागतं, मग खाली समोरच्या डिफरन्शियलला ऑइल संपची अडचण, वर बॉनेटची. एवढं सगळं जमवून झालं की नंबर नेमका अशा कोपऱ्यात जातो जिथं हात पोचतो पण नजर पोचत नाही. माझ्याकडच्या पोरानं यावर उपाय काढला. दाताच्या डॉक्टरांकडचा छोटा आरसा आणतो, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरतो आणि पेन्सिल चालवतो. छाप सुरेख येतो. आणि त्या सुरेख छापाचं काय करायचं हे आम्हा दोघांनाही माहीत नसतं.

मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम मला आता जवळजवळ पाठ आहे. उत्पादकानं मूळ जो तपशील दिलाय त्याच्याशी आरसीचा मेळ बसणार नाही, असा बदल मालकानं करायचा नाही. जुनं इंजिन गेलं तर त्याच मेकचं, त्याच प्रकारचं दुसरं बसवून आरटीओत नोंद करता येते. इंधन बदलायलाही सवड आहे, सीएनजी, एलपीजी, अगदी बॅटरीसुद्धा. मात्र मान्यता मिळालेलं किट वापरून. आमचा एजंट वस्ताद. तो म्हणाला, ‘डिझेल हे पण वेगळं इंधनच की!’ मुद्दा बिनतोड होता. फाइल घेऊन गेला आणि दुपारी परत आला. डिझेल वेगळं इंधन आहे, पण मान्यताप्राप्त किट कुठाय?

मान्यता देणारी संस्था लांब नाही. पुण्यात वेताळ टेकडीला १९६६पासून एआरएआय आहे. पण तिथली तपासणी एका नमुन्याची, त्याच्यामागून हजारो तशाच गाड्या निघणार या हिशेबानं. माझ्या दोन जिप्सी एकमेकींसारख्या नाहीत. एकीचा इंटरकूलर ग्रिलमागे, दुसरीचा वर, कारण दुसरीला पुढं विंच होती. मी काय नमुना देऊ? आणि एका गाडीसाठी तो खर्च ज्याला परवडतो, त्यानं सरळ थार घ्यावी.

मग विमा कंपनीला पत्र लिहायचं. हे पत्र मी गिऱ्हाइकांसाठी कितीतरी वेळा लिहिलंय. ‘सदर वाहनाचे इंजिन बदलले असून कृपया पॉलिसीवर तशी नोंद घ्यावी.’ उत्तर येतं की आधी आरसीवर नोंद करून आणा. आरटीओ म्हणतं, आधी मान्यतेचा दाखला आणा. दाखला देणारे विचारतात, तुम्ही उत्पादक आहात का? एक निरीक्षक साहेब खरोखर सज्जन होते. बॉनेट उघडून बराच वेळ बघत उभे राहिले, होजच्या क्लिपा हलवून बघितल्या. म्हणाले, ‘काम चांगलं आहे हो तुमचं. पण मी लिहू काय?’ बाहेर आल्यावर मी पोराला फक्त पहिलं वाक्य सांगितलं.

गॅस किटवाल्यांचा मला राग येतो तो यामुळे. सिलिंडर डिकीत टाकायचा, चार पाइप ओढायचे, झालं. त्यांच्यासाठी पॉलिसीत रीतसर ओळ आहे. किटच्या किमतीवर चार टक्के आणि थर्ड पार्टीत साठ रुपये जादा. साठ रुपयांत राजमान्यता! २०२३ मध्ये लष्करानं एका जिप्सीतलं इंजिनच काढून बॅटरी आणि मोटर बसवून दाखवली, तेव्हा पोरगं तो व्हिडिओ दिवसभर बघत होतं. त्याला बॅटरीच्या कामातच जायचंय. जाईल, जाऊ दे.

तर हे सगळं अंगाशी आलं ते २०१९ साली. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं केरळातल्या एका प्रकरणात निकाल दिला की गाडी उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून हटेल असा बदल चालणार नाही. ऑगस्टमध्ये दुरुस्तीच्या कायद्यावर सही झाली. त्यातल्या १८२अ कलमात अशा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्यात कायदा वाचायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही रस्त्यावर आल्या होत्या.

शिरोळकडच्या एका ऊसवाल्या दादांची जिप्सी त्या पुरात गेली. माझ्या हातची, मला विचाराल तर सगळ्यात चांगली जमलेली. ओढून आणली तेव्हा इंटरकूलरच्या पात्यांत गाळ असा घट्ट बसला होता की हवा सोडा, सुई जाईना. टर्बोचं तोंड उघडलं, कॉम्प्रेसरच्या पंख्यावर नदीची माती वाळून तडकली होती. ईसीएमच्या डब्यातून पाणी ओतलं. दादांचा फुल इन्शुरन्स होता. दरवर्षी मोबाइलवर बटण दाबून भरलेला, एकही वर्ष न चुकवता.

सर्व्हेअर आला. तरुण होता, पायात गमबूट, दिवसभरात किती बुडालेल्या गाड्या बघून आला होता कोण जाणे. आरसी बघितली, पेट्रोल. टाकीचं झाकण उघडलं, डिझेल. मग नंबर शोधायला लागला. तो काही सापडेना. पण बेल हाउसिंगच्या जोडावर पुसल्यावर त्याला दुसराच नंबर दिसला. ठसठशीत, अगदी वाचण्याजोगा.

तो माझा.

आता हे सांगायलाच हवं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जी अडॅप्टर प्लेट येते, ती माझ्या कामाचा जीव आहे. बाकीचं कुणीही करील. प्लेट बसवल्यावर फ्लायव्हीलला डायल लावून मी बेल हाउसिंगचं भोक फिरवून बघतो. मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकाही फरक दिसला की डॉवेल काढून पुन्हा. टॉर्क जवळजवळ दुप्पट झालेला असतो, गिअरबॉक्स मात्र जुनाच. शाफ्ट केसभर तिरका गेला तर पायलट बेअरिंग सहा महिन्यांत रडायला लागतं. म्हणून प्लेट जमली की तिच्या कडेवर मी पंचानं माझं अक्षर आणि क्रमांक ठोकतो. कारखाना नंबर टाकतो, मग मी का नको? गिऱ्हाइकाला याचा उपयोग शून्य. गाडी वर उचलल्याशिवाय कडा धड दिसतही नाही. निव्वळ हौस. हौस कसली, मिजास.

सर्व्हेअरनं त्या नंबराचे फोटो काढले. ‘हा नंबर कसला?’ मी अभिमानानं सांगितलं. दादा माझ्याकडे बघत राहिले.

क्लेम नाकारला. इंजिन वेगळं, इंधन वेगळं, कळवलेलं नाही. दादांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, ‘पाणी इंजिन बघून आत आलं का?’ मला आजही तो प्रश्न चोख वाटतो. पूर पेट्रोलच्या जिप्सीलाही बुडवणारच होता. पण विमा हा विश्वासाचा करार, आणि जी वस्तू कंपनीला सांगितलीच नव्हती तिचे पैसे कंपनीकडे मागताना आवाज चढत नाही. दादांनी वकील गाठला, मग उसाची बिलं, घराची डागडुजी यांत ते प्रकरण मागे पडलं.

यातली खरी गंमत, गंमत म्हणायची तर, आमच्या माळ्यावर होती. दादांच्या गाडीचं मूळ पेट्रोल इंजिन मी उतरवलं तेव्हापासून उद्यमनगरात माझ्याकडेच होतं, ऑइलमध्ये भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळून. त्याचाच नंबर आरसीवर, त्याचाच पॉलिसीवर. इतकी वर्षं कंपनीनं ज्या इंजिनाचा विमा उतरवला ते पुरात कोरडं ठणठणीत होतं आणि जे बुडालं ते कागदोपत्री जन्मलंच नव्हतं.

एक कोडगेपणा माझ्यात होता. गिऱ्हाइकानं कागदाचं विचारलं की मी म्हणायचो, ते तुमचं तुम्ही बघा, माझं काम लोखंडाचं. हे बोलताना मला फार मोठं वाटायचं. कागद ही एजंटांची आणि कारकुनांची कामं. आणि आता त्याच कागदाचा एक तुकडा माझ्याकडे जपून ठेवलाय. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत दादांनी मागून घेतली होती, तिची झेरॉक्स मी काढून घेतली. त्यात एक ओळ आहे: बेल हाउसिंगच्या जोडपट्टीवर अनधिकृत क्रमांक आढळला, आणि पुढं माझं अक्षर, माझा आकडा. माझ्या एवढ्या कामात माझ्या प्लेटची कुठं लेखी नोंद झाली असेल तर तीच. क्लेम नाकारणाऱ्या कागदात.

म्हातारे लोक जुन्या काळाचं गुणगान करतात तसं मी करणार नाही, पण थोडं करतो. अॅम्बेसेडरमधलं पेट्रोल इंजिन काढून मॅटाडोरचं डिझेल टाकायचे, तेव्हा आरसी पुस्तकाच्या रूपात होती. पासिंगला गाडी न्यायची, साहेब बघायचे आणि पेनानं पुस्तकात लिहायचे. त्यात बनवाबनवी चालायची, नाही असं नाही. चोरीची इंजिनं त्याच पेनानं पावन झाली. पण माणूस बॉनेट उघडून बघायचा. आता सगळं संगणकावर आहे. पीयूसीच्या मशीनला आरसीवरून कळतं की गाडी पेट्रोलची, म्हणून ते कार्बन मोनॉक्साइड मागतं. डिझेलचा मोजायचा तो धुराचा गडदपणा. माझी जिप्सी तिथं उभी केली तर मशीनच बुचकळ्यात. मग सेंटरवाला शेजारी कुणाची तरी पेट्रोल गाडी लावून प्रमाणपत्र काढतो. ते प्रमाणपत्र त्या गाडीच्या शेजारधर्माचं म्हणायचं.

आणि रीमॅपवाले! ते माझ्या डोक्यात जातात. एसीच्या दुकानात बसायचं, लॅपटॉप लावायचा, टर्बोचा बूस्ट वाढवायचा, इंजेक्शनची वेळ बदलायची. बॉनेटला हातसुद्धा लावत नाहीत. क्लच कंपनीचाच, इंटरकूलर कंपनीचाच, गॅस्केटवर काय बेततंय याची फिकीर नाही. इंजिनाचा नंबर तोच, त्यामुळे आरसी स्वच्छ, पॉलिसी स्वच्छ. खरं तर हेही कंपनीला कळवायलाच हवं, कळवतो कोण? मी दोन क्रॉसमेंबर बदलून, ब्रेक वाढवून, माउंटिंगचं रबर तीनदा बदलून गाडी रस्त्यावर आणतो तो गुन्हेगार. नंबर बघणाऱ्या नजरेला माझंच काम दिसतं. चिडचिड होते. त्यांचं काम माझ्यापेक्षा साफ दिसतं म्हणूनही होत असेल.

पण दादांच्या गाडीनंतर रात्री डोक्यात एक वेगळाच विचार यायला लागला. पाण्याऐवजी माणूस असता तर? थर्ड पार्टीत कंपनीला सहज हात झटकता येत नाहीत हे खरं. पण ‘आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असे निकाल कोर्टांनी दिलेत. वसुली म्हणजे दादांचा ऊस, कदाचित शेतही. एकशे नव्वद न्यूटन मीटर घाटात छान वाटतात.

म्हणून आता रस्त्यावर चालवायच्या गाडीचं हे काम मी घेत नाही. ज्यांची जिप्सी ट्रेलरवर चढून ऑफरोडच्या मैदानात जाते आणि ट्रेलरवरूनच घरी येते, त्यांचंच घेतो. बाकीच्यांना म्हणतो, त्याच मेकचं पेट्रोल इंजिन बोअर करून नवं करून देतो, आरटीओत नोंद होईल, विमा शाबूत राहील. ऐकून गिऱ्हाइकाचं तोंड असं होतं, जणू मी त्याला पथ्याचं जेवण वाढलंय. पोरगं खूश आहे. ते म्हणतं, मामा, आता पंच मारणं पण बंद करा, पुरावा कशाला सोडायचा? मारतोच मी. मैदानातल्या गाडीला मारायला कुणाची हरकत आहे?

गेल्या महिन्यात एक डॉक्टर आले होते, त्यांना टर्बोच हवा होता, रोज दवाखान्यात न्यायला. मी कागदाचं सगळं समजावलं. ते हसून म्हणाले, ‘तुमच्यापेक्षा पलीकडचे बरे, ते प्रश्न विचारत नाहीत,’ आणि पलीकडच्या गल्लीत गेले. परवा त्यांची गाडी तिथं लिफ्टवर होती. मी काही कामानं नव्हतो गेलो, प्लेट बघायलाच गेलो होतो. कास्टिंगला चार ठिकाणी वेल्डिंग, डॉवेल एकच, आणि कडेला ग्राइंडरचे ओरखडे. दुकानदारानं विचारलं, ‘काय मामा, कसं वाटलं?’ ‘डायल लावून बघा एकदा,’ मी म्हणालो, चहा प्यायलो आणि संध्याकाळपर्यंत फार मजेत होतो.