दोनशे ग्रॅम

७ ऑगस्ट २०२४ ला विनेश फोगाटला शंभर ग्रॅमसाठी ऑलिंपिकच्या फायनलमधून बाद केलं, तेव्हा आमच्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात दुसरा विषय नव्हता. "शंभर ग्रॅम म्हणजे किती हो? एकदा लघवीला जाऊन आली असती तर काम झालं असतं," असं एक जण म्हणाला आणि सगळे खिदळले. माझं डोकं फिरलं. रात्रभर घाम काढून, केस कापून जिनं अंगात पाणी म्हणून ठेवलं नव्हतं, तिला लघवी कुठून होणार? पण काट्यावर कधी उभंच न राहिलेल्या माणसाला हे काय सांगायचं! चहा तसाच ठेवून उठलो.

मी कागल तालुक्यातला. दहावी झाल्यावर घरच्यांनी कोल्हापुरात तालमीत ठेवलं. पहाटेची मेहनत, जोर-बैठका, माती, दूध-तूप, बदामाची थंडाई, हे आपल्याकडं कुणाला नव्यानं सांगायला नको. शनिवारी मारुतीचा उपवास असायचा. त्या दिवशी मेहनत हलकी, खायला केळी, दूध, रताळी, रात्री वरीचा भात आणि दाण्याची आमटी. त्या उपवासानं माझं कधी काही बिघडलं नाही. उलट आठवडाभर तूप-मटण पचवून जड झालेलं पोट शनिवारी हलकं व्हायचं आणि रविवारी कडकडून भूक लागायची. उपवासाला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही.

काट्यासाठी उपाशी राहणं हे प्रकरणच वेगळं. १९९६ साली निवड चाचणीला मला ५७ किलोत उतरवायचं ठरलं. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ घेतलं ते याच वजनात, असं वस्ताद सांगायचे. म्हणजे नाही म्हणायची सोयच नाही. माझं वजन तेव्हा ६१ च्या आसपास. भाकरी-भात बंद झाला आणि पहिले दोन किलो झरझर उतरले. मी खूश. शरीरात साठवलेली साखर जाताना आपल्या तिप्पट पाणी बरोबर घेऊन जाते, म्हणून सुरुवातीला काटा असा पळतो, हे फार पुढं वाचण्यात आलं. चरबी तेवढ्या दिवसांत फारशी हलत नाही. नंतरचं वजन म्हणजे अंगातलं पाणी पिळून काढणं.

खताच्या प्लॅस्टिकच्या पोत्याला डोक्याहातांपुरती भोकं पाडायची, ते अंगात घालायचं, वर स्वेटर, आणि भर उन्हात पळायचं. तोंडात चिंच धरून लाळ थुंकत राहायची. शेवटच्या दिवशी लाळही सुटेना. चिंचेचा गोळा टाळूला चिकटून बसला, तो बोटानं खरवडून काढावा लागला. पोट साफ होणं तर केव्हाच थांबलं होतं. आत काही जात नव्हतं, आणि जे होतं ते वाळून दगड झालेलं.

वजन आदल्या संध्याकाळी, एका शाळेच्या व्हरांड्यात. दांडीवर वजन सरकवायचा जुना काटा शहाबादी फरशीवर मांडलेला. तालमीतल्या काट्यावर दुपारी मी बरोबर ५७ भरलो होतो. इथं लंगोटावर उभा राहिलो तर दांडी खटकन वर जाऊन अडली. काट्यावरच्या पंचांनी वजन सरकवून बघितलं.

"दोनशे जास्त. अर्धा तास आहे. चला, पुढचा."

वस्ताद म्हणाले, "साहेब, एकदा मोकळा काटा बघा की."

"काटा बरोबर आहे. तुम्ही पैलवान पळवा."

पळालो. शाळेच्या मैदानावर पोतं घालून गोल गोल. घाम येईना. कातडी तव्यावरच्या भाकरीसारखी कोरडी आणि गरम. वस्तादांचे भाऊ खरखरीत पंच्यानं माझी पाठ घासत होते, घाम सुटावा म्हणून, पण पुसायला काही नव्हतंच. मग नाकातून रक्त आलं. "येऊ दे, तेवढंच उतरलं," असं कुणीतरी म्हणालं, आणि तो विनोद नव्हता. वेळ संपता संपता पुन्हा उभा राहिलो. दांडी मधोमध तरंगली. पास.

भिंतीला टेकून बसलो होतो. एका नामांकित तालमीचा ७४ किलोचा पैलवान काट्यावर आला. त्याचंही जास्त भरलं. त्याच्याबरोबर आलेल्या माणसानं आवाज चढवला, तशी पंचांना काटा हलवून बघायची बुद्धी झाली. काट्याचा एक पाय दोन फरश्यांच्या सांध्यात बसला होता. काटा बाजूला घेतला, मोकळी दांडी जुळवली, पुन्हा वजन केलं. पैलवान पास. न पळता, घाम न काढता.

वस्ताद पुढं झाले. "मग आमच्या पोराचं काय?"

"त्याचं झालं की पास. आता काय?"

खरंच, तक्रार तरी काय करणार? मी पास होतो. कागदावर माझ्यावर कसलाही अन्याय झाला नव्हता. जे दोनशे ग्रॅम माझ्या अंगात राहायला हवे होते, त्यांच्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता. कुस्ती हरल्याचं आता मला काही वाटत नाही. ते "आता काय?" मात्र अजून कानातून जात नाही. आवाज चढवणारा माणूस बरोबर असला की फरशी वाकडी निघते, एरवी ती सरळच असते.

मग मला खायला घालायची घाई. वस्तादांच्या भावांनी मायेनं तांब्याभर म्हशीचं दूध, केळी आणि तुपातला शिरा आणला. खाऊन ताकद येते एवढंच सगळ्यांना ठाऊक. अंगात पाणी नसलं की पोटाकडं जाणारं रक्त आधीच कमी झालेलं असतं. त्यात एवढं तूप-साय पडलं की ते पुढं सरकत नाही. रात्रभर ओकलो, पहाटे जुलाब सुरू झाले. खरं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट दिलं असतं, तासाभरानं मीठ घातलेली पेज दिली असती, तर पोट सावरलं असतं. सकाळी पहिल्याच झटापटीत दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, समोरच्यानं पट काढला आणि मी चितपट. "पोरात दमच नाही," असा शेरा बाहेर बसलेल्यांनी मारला. बद्धकोष्ठ आणि मूळव्याध ही त्या वर्षांची माझी कमाई. इसबगोलाचा डबा आजही घरात असतो.

१९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर असंच वजन उतरवताना मेले. तिथल्या कॉलेज कुस्तीत सॉना आणि रबरी सूट यांवर बंदी आली. आमच्या तालमीत ती खबर पोचलीच नाही. पोती फाडली जातच राहिली.

२०१८ पासून जागतिक संघटनेनं कुस्तीच्या दिवशी सकाळी, आणि फायनलला गेलेल्यांचं दुसऱ्या दिवशीही, वजन घ्यायला सुरुवात केली. रात्रीतून खाऊन-पिऊन वजन भरून काढायची सोय गेली. नियम चांगला आहे. विनेशचं अपील क्रीडा लवादानं फेटाळलं तेव्हा मी घरात चिडचिड केली होती. पुतण्यानं विचारलं, "काका, शंभर ग्रॅम सोडले असते तर काय बिघडलं असतं?" तर माझ्याच तोंडून निघालं, "मग उद्या दोनशे मागतील." तिच्यासाठी जीव तुटतो आणि नियम वाकू नये असंही वाटतं. त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतनं सेमीफायनलनंतर दहा तासांत ४.६ किलो उतरवून ५७ किलोत ब्राँझ घेतलं, तेव्हा गावात पेढे वाटणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा मला खताचं पोतं आठवलं नाही.

पुतण्या आता शालेय स्पर्धांत उतरतो. त्याला नवरात्रात नऊ दिवस उपवास धरायचा होता. म्हटलं, धर, पण पाणी सोडायचं नाही आणि साबुदाण्यावर बैठका मारायच्या नाहीत. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. दूध, ताक, शेंगदाणे, राजगिरा खा. वजनगट बदलायचा तर दोन-तीन महिने हातात ठेवून सावकाश बदल, नाही तर वरच्या गटात लढ आणि हर. त्याच्या वस्तादांना हे फारसं पटलेलं नाही.

स्पर्धा भरवणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. किराणा दुकानातल्या काट्यालासुद्धा वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. पैलवानांच्या काट्यावरही तो मारून घ्या, काटा सपाट जागी ठेवा, आणि चूक सापडली तर आधी वजन झालेल्या पोरांनाही परत बोलवा, पास झालेली असली तरी.