शीत आणि डेग

२०२४ च्या विधानसभेआधीची दुपार. नांदेडच्या आमच्या गल्लीत टॅबलेट घेऊन एक मुलगा आला. घरात अम्मी एकट्याच. मत कोणाला, असं विचारून त्याने पक्षांची नावं वाचली. अम्मींनी पहिल्याच नावाला होकार दिला. संध्याकाळी मी चकित! तर म्हणाल्या, "उन्हातून आलेल्या पोराला नाराज कशाला करायचं? अन् खरं सांगितलेलं कुठे जातं, कुणास ठाऊक."

मी भाषा शिकवते. उर्दूत आणि मराठीत ‘नमुना’ हा शब्द एकच. विक्षिप्त माणसालाही दोन्हीकडे तेच म्हणतात. सगळ्या मतदारांचा खरा टक्का एकच असतो, पण मतमोजणीपर्यंत तो कोणालाच ठाऊक नसतो. नमुन्यातला टक्का हा त्याचा अंदाज. दुसरी हजार माणसं घेतली की तो बदलतो. चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी हजार माणसं निवडली, तरी सुमारे ३ टक्के इकडेतिकडे होतंच. ती चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात.

शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण साध्या भाताची. दमच्या बिर्याणीत वरचा पांढरा तांदूळ चाखून तळाचं काय कळणार? पळी कडेने खालपर्यंत घालावी लागते. आणि अम्मींसारखी उत्तरं असतील, तर लाखभर माणसांना विचारूनही तीच चूक लाखभर वेळा होईल.

धाकटा भाऊ लातूरला नोकरीला, मत मात्र नांदेडलाच. मतदानाच्या आदल्या रात्री मी फोन केला. "आपा, टीव्हीवर सगळं ठरलंय. दोन मतांसाठी दोघांनी एसटीने कशाला यायचं?" राज्यभरातले काही हजार लोक २८८ जागांत वाटले तर एका जागेला किती येतात, एवढा हिशोबही त्याने केला नव्हता. मलाही तेव्हा सुचला नाही.

२० नोव्हेंबरला आमच्याकडे लोकसभेची पोटनिवडणूकही होती. वसंतराव चव्हाण यांच्या निधनाने जागा रिकामी झालेली. जूनमध्ये ते ५९ हजारांवर मतांनी जिंकले होते. २३ तारखेला त्यांचे पुत्र रवींद्र चव्हाण जिंकले, फक्त १,४५७ मतांनी. दोघा प्रमुख उमेदवारांची मिळून साडेअकरा लाखांवर मतं. म्हणजे फरक हजारात जेमतेम एका माणसाचा. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी विधानसभेच्या सहाही जागा मात्र दुसऱ्या बाजूला दिल्या. असली डेग कोणत्या चमच्याने चाखायची?

रात्री भावाचा फोन आला. बराच वेळ गप्पच होता. मग म्हणाला, "आपा, पत्ता बदलायचा फॉर्म ८ कसा भरतात?"