शेजाऱ्याची खिडकी

गुडघ्यांमुळे अम्मींना जिना चढवत नाही, म्हणून आम्ही खाली मागच्या अंगणात एक खोली वाढवायचे ठरवले. नगरपरिषदेत नकाशासह अर्ज दिला. शेजाऱ्यांनी लेखी हरकत घेतली: स्वयंपाकघराचा उजेड जाईल.

थोरला चिडला, “जागा आपली, मग त्यांचे काय?” आम्ही त्याला समजावले. १९६६ च्या नगररचना कायद्याने परवानगी लागतेच. आणि १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार सलग २० वर्षे विनाअडथळा मिळालेला उजेड-वारा हा हक्क ठरू शकतो. ती खिडकी तर अब्बांच्या काळातली.

भिंत चार फूट अलीकडे घेऊन सुधारित नकाशा दिला. परवानगी मिळाली. खोली लहान झाली, तरी अम्मींची खाट मावते.

शेजाऱ्यांशी बोलणे अजून सुरू झालेले नाही. ईदला शीरखुर्म्याचा डबा मात्र नेहमीसारखाच जाईल.