मुलाची ओढ आणि आईवरचा आळ

आठव्या महिन्याच्या सुमारास बरीच मुले अनोळखी माणसाकडे जाईनाशी होतात. कालपर्यंत कोणाच्याही कडेवर हसत जाणारे बाळ आईच्या खांद्यात तोंड लपवते. 'फार अंगावर ठेवले, त्याचे हे फळ,' असे घरात म्हटले जाते. हा समज चुकीचा आहे. आपले माणूस कोणते, हे बाळाला कळू लागल्याची ती खूण असते. आपल्या माणसाशी जडणाऱ्या या नात्याला मानसशास्त्रात अनुबंध म्हणतात.

ही ओढ दुधापोटी असते, असे एके काळी मानले जाई. जॉन वॉटसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तर १९२८ च्या पुस्तकात मुलांना जवळ घेऊ नये, त्यांचे पापे घेऊ नयेत, असा सल्ला पालकांना दिला. हॅरी हार्लो यांचे माकडांवरचे प्रयोग १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि चित्र पालटले. पिल्लांजवळ दोन बाहुल्या ठेवल्या होत्या, एक उघड्या तारेची, दुसरी मऊ कापडात गुंडाळलेली. दुधाची बाटली तारेच्या बाहुलीला असली, तरी पिल्ले दूध पिऊन कापडाच्या बाहुलीला बिलगत. प्रयोग निर्दय होता, पण त्याने स्पर्शाची गरज निर्विवाद दाखवली.

मेरी एन्सवर्थ यांच्या चाचणीत साधारण वर्षाच्या मुलाला अनोळखी खोलीत थोडा वेळ आईवाचून ठेवतात. तिच्या मागे मूल किती रडले, यापेक्षा ती परतल्यावर ते काय करते, याला महत्त्व असते. रडून, आईला बिलगून, पुन्हा खेळू लागणाऱ्या मुलाचा अनुबंध सुरक्षित मानतात. नेमके हेच मूल घरी 'रडके' ठरते.

खरा वाद आईवरच्या दोषारोपाचा आहे. जॉन बोल्बी यांनी १९५१ च्या अहवालात आईच्या सहवासावर भर दिला. त्याचा अर्थ 'बाईने घरीच बसावे' असा लावला गेला. परंतु ग्लासगोतील ६० बाळांच्या १९६४ च्या अभ्यासात अनेकांची ओढ एकाहून अधिक माणसांकडे दिसली, त्यांत वडील आणि आजी-आजोबाही होते. आजीच्या कुशीत वाढलेल्या नातवंडांच्या बाबतीत हे वेगळे सांगायला नको.

स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) बाबतीत हा आळ क्रूर ठरला. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अशा ११ स्वमग्न मुलांचे वर्णन केले. पुढे ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात दोष पालकांच्या, विशेषतः आईच्या, थंडपणाला दिला. १९७७ मध्ये जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या गेल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ पैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती, भिन्न जुळ्यांच्या १० पैकी एकाही जोडीत नाही. स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आणि बऱ्याच अंशी आनुवंशिकतेत आहे, हे पुढील संशोधनाने पक्के केले.

तरीही 'आई नोकरीला जाते, म्हणून मूल बोलत नाही,' असे आजही ऐकू येते. ज्यांनी हे एखाद्या आईला ऐकवले असेल, त्यांनी तो शब्द तिच्यासमोरच मागे घ्यावा आणि मुलाला तपासणीला नेताना तिच्यासोबत जावे.