आलेला, येणारा

देवरूख, आषाढ. पाऊस धरून आहे. आज लॅटिनची धातुसाधितंच घोकली. 'फेर्रे' म्हणजे वाहून नेणं. त्याच्या वर्तमानकालीन धातुसाधिताचं द्वितीयेतलं रूप 'फेरेन्तेम', आणि संस्कृतात 'भरन्तम्'. त्यातला 'न्त' एकाच वंशाचा. आपल्या 'करत', 'जात'मधला 'त'ही त्याचाच वारस. किती लांबचं हे गोत! येत असलेला तो 'वेनिएन्स', येणार असलेला 'वेन्तूरुस'. आपला 'येणारा' दोन्हीकडे चालतो. उलट 'आलेला' हे लॅटिनला एका धातुसाधितात सांगताच येत नाही, अख्खं उपवाक्य लागतं. मराठीची ही श्रीमंती मला फार मोलाची वाटते. केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले यांचं १९११चं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' उद्या काढतो. त्यातली धातुसाधितं आता लॅटिनशी ताडून वाचायची आहेत.